खापर, भिंत आणि पोरांचे हात

वस्तीत येऊन भिंत रंगवून जाणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आधी संशय उभा राहतो. वस्तीला पाणी नाही, गटार उघडं, शाळेच्या पत्र्याला भोकं. तिथं कुणीतरी रंगाचे डबे घेऊन येतो, पोरांच्या हातात ब्रश देतो, पोरांबरोबर फोटो काढतो आणि जातो. भिंत हसायला लागते, वस्ती आहे तशीच. शहरातल्या अंकात तो फोटो छापून येतो आणि खाली लिहिलेलं असतं : लोकसहभाग.

हा संशय खिशात न घालता, हातात धरूनच मी लिली येह या बाईंच्या कामाबद्दल लिहिणार आहे. मुलांना आणि वस्तीतल्या माणसांना बरोबर घेऊन फुटक्या टाइलांच्या भिंती उभ्या करणं हे त्यांचं काम. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीत आणि चीनमध्ये बीजिंगच्या मजुरांच्या शाळेत त्यांनी ते केलं. त्यांच्यावरची 'द बेअरफुट आर्टिस्ट' ही फिल्म (२०१४) आणि भिंतींचे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. संशयाच्या कसोटीला लावल्यावर त्यातलं काही टिकतं, काही टिकत नाही. जे टिकतं ते आपल्या पोरांनी शिकून घ्यावं असं आहे. जे टिकत नाही ते त्याहून जास्त शिकवणारं आहे.

१

आधी मालाबद्दल बोलू. मी माल हाताळणारा माणूस. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो, आठ तास तुटलेले धागे सांधतो. म्हणून कुठलीही कला समोर आली की पहिल्यांदा मी विचारतो : ही कशाची बनलीय? कुणाच्या हातांनी बनलीय?

लिलीबाई कुंभारकाम करणाऱ्या नाहीत. त्या शिकल्या चित्रकला, शिकवलीही चित्रकलाच. पण त्यांच्या भिंतींचा माल मातीचा. भाजलेली, वर काचेसारखा लेप चढवलेली माती, म्हणजे टाइल. ती फोडायची. ओल्या सिमेंटमध्ये एकेक तुकडा दाबून बसवायचा. सुकलं की मधल्या फटींत पातळ सिमेंट भरायचं आणि ओल्या फडक्यानं वरून पुसून काढायचं. पुसता पुसता चित्र वर येतं.

तुम्ही म्हणाल, हे तर आपल्याकडे गच्चीवर करतात. बरोबर. गवंडी त्याला चायना मोझॅक म्हणतात. दुकानातला फुटका माल पोत्यांनी आणायचा आणि गच्ची गळू नये, तापू नये म्हणून वर बसवायचा. बिगारी बाया भर उन्हात उकिडव्या बसून तुकडा तुकडा लावतात. संध्याकाळी बोटं चिरलेली, सिमेंटनं खाल्लेली.

आता मला सांगा, हेच काम बिगारी बाई करते तेव्हा ती मजुरी आणि प्राध्यापक करते तेव्हा ती कला, असं का? तुकडा तोच, सिमेंट तेच, बोटं तशीच चिरतात. फरक एवढाच की नक्षी काय काढायची हे बिगारी बाईला कुणी विचारत नाही. मुकादम सांगतो, ती लावते. जो ठरवतो तो कलावंत, जो लावतो तो मजूर. कला आणि मजुरी यांच्यामध्ये जी भिंत आहे ती हाताच्या कौशल्याची नाही, ठरवण्याच्या हक्काची आहे. ही भिंत आपल्या चांगल्याच ओळखीची. जातीनं नुसतं काम वाटलं नाही, काम करणारी माणसंच वेगळी करून एकावर एक रचून ठेवली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिलं आहे. ठरवणारे वर, करणारे खाली.

म्हणून पोरांना घेऊन भिंत करणाऱ्या कुठल्याही कलावंताला माझा पहिला प्रश्न हाच राहील : पोरं ठरवतात, की नुसती लावतात?

मातीबद्दलही एक गोष्ट. कलादालनात मातीचं भांडं ठेवलं की जाणकार म्हणतात, किती साधं, किती निरागस! आपल्याला मातीचं भांडं निरागस नाही. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं बांधलं होतं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, तर तळं 'शुद्ध' करायला १०८ घागरी पाणी उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि परत तळ्यात ओतलं. घागर मातीची, मडकं मातीचं. आणि मराठी भाषेत दोष दुसऱ्यावर ढकलायचा तर खापर फोडतात. खापर फोडायला डोकं लागतं, ते बहुतेक वेळा आपलंच असतं.

अशा भाषेत वाढलेल्या माणसानं फुटक्या मातीची भिंत बघायची तर तो नुसते रंग बघणार नाही. फोडलेलं खापर पोरांच्या हातात गेल्यावर त्याचं काय होतं, हे तो बघणार.

२

लिली येह यांचा जन्म १९४१ चा, चीनमधला. वाढल्या तैवानमध्ये. १९६३ साली अमेरिकेत शिकायला गेल्या आणि पुढे फिलाडेल्फियात कलेच्या प्राध्यापक झाल्या. वडील चँग कै-शेकच्या फौजेत सेनापती. म्हणजे खालून आलेली ही बाई नव्हे. हे मी मुद्दाम नोंदवतो. कुणी कुठून येतो हे आधी सांगावं, मग त्यानं काय केलं ते सांगावं. दोन्ही लपवू नये.

उत्तर फिलाडेल्फिया ही गरिबांची, बहुतेक काळ्या लोकांची वस्ती. हे शहर एके काळी गिरण्यांचं. कापड, गालिचे, होजिअरी, सगळं तिथं निघायचं. पुढे गिरण्या बंद पडल्या, कारखाने गेले. पैसा असलेली गोरी माणसं उपनगरात निघून गेली. ज्यांना जायला जागा नव्हती ते राहिले. घरं ओस पडली, पडकी घरं पाडली, आणि दोन घरांच्या मध्ये किडक्या दातांसारख्या मोकळ्या जागा पडल्या. त्यात कचरा, सुया, काचा. गिरणी मेली की वस्तीचं काय होतं हे गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

त्या वस्तीत आर्थर हॉल नावाचा काळा नर्तक 'इले-इफे' नावाचं केंद्र चालवायचा. इले-इफे हे नायजेरियातल्या योरुबा लोकांचं पवित्र गाव. नावातच त्याचा पीळ दिसतो. आपली मुळं कुठली आहेत ते तो पाटीवर लिहून बसला होता. केंद्राशेजारच्या मोकळ्या जागेत बाग करा, असं त्यानं लिलीबाईंना सांगितलं. १९८६ चा उन्हाळा. हातात राज्याच्या कला परिषदेचे अडीच हजार डॉलर. एवढ्या पैशात बाग होत नाही, असं शहाण्या माणसांनी सांगितलं.

पहिल्यांदा आली ती पोरं. मोठी माणसं लांबून बघत होती. काळ्या वस्तीत ही चिनी बाई काय करतेय, हा त्यांचाही संशय, आणि तो रास्त. मग शेजारच्या पडक्या घरात राहणारा जोजो नावाचा माणूस पुढे आला. कचरा उपसला, खड्डे खणले. सिमेंटची झाडं उभी केली. भिंतींवर आणि झाडांवर टाइलांचे तुकडे चढले. एका बागेच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. १९८९ मध्ये त्याची रीतसर संस्था झाली : 'व्हिलेज ऑफ आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज'. पुढे शंभरावर मोकळ्या जागा साफ झाल्या, बागा झाल्या, शाळा सुटल्यावर मुलांना शिकवायचे वर्ग निघाले, वस्तीतल्याच माणसांची नाटकं झाली.

इथं एक गोष्ट बारकाईनं बघा. टाइलचं काम हळू चालतं. रंगाची भिंत दोन दिवसांत होते. टाइलच्या भिंतीला महिने लागतात. पाहुण्या कलावंताला ते परवडत नाही. जो टाइल उचलतो त्याला वस्तीत राहावं लागतं, रोज यावं लागतं, लोकांच्या शिव्या खाव्या लागतात. लिलीबाई तिथं १८ वर्षं राहिल्या, १९८६ ते २००४. माझ्या संशयाला इथं पहिला धक्का बसला. फोटो काढून जाणारं माणूस १८ वर्षं थांबत नाही.

३

आता त्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट. ती भिंतीवर नाही, माणसात आहे.

जेम्स मॅक्स्टन. वस्तीत सगळे त्याला 'बिग मॅन' म्हणायचे. धिप्पाड माणूस. वस्तीतलाच. गर्दच्या धंद्यात होता, स्वतःही त्यात बुडाला होता. तो लिलीबाईंच्या कामावर आला. टाइल कशी फोडायची, कशी कापायची, तुकडा कसा फिरवून बघायचा, कुठे बसतो ते कसं शोधायचं, हे शिकला. शिकता शिकता तो त्या कामाचा उस्ताद झाला. पुढे वस्तीतल्या पोरांना आणि नव्या माणसांना शिकवणारा तोच. 'एंजल ॲली' नावाची तिथली गल्ली आहे. भिंतीवर ओळीनं देवदूत उभे. मोठ्या डोळ्यांचे, इथिओपियाच्या जुन्या चर्चमधल्या चित्रांच्या वळणाचे. त्या देवदूतांमागे बिग मॅनचे हात आहेत.

आता आपल्याकडचे सुशिक्षित लोक ही गोष्ट कशी सांगतील? 'कलेनं एका गुन्हेगाराला माणूस बनवलं.' मला ह्या वाक्याची चीड येते. तो माणूस होताच. त्याच्याकडे काम नव्हतं, कसब नव्हतं, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. कसब हातात आलं, शिकवण्याचा मान हातात आला, आणि काय करायचं ते ठरवण्यात त्याचा वाटा आला. एवढं मिळालं की कुठलाही माणूस सरळ उभा राहतो. यात चमत्कार काही नाही. चमत्कार म्हटलं की उद्धार करणारा कुणीतरी लागतो, आणि उद्धार करणाऱ्यांचा इतिहास आपण पुरेसा भोगलाय.

लिलीबाईंचं मोठेपण मला इथं दिसतं. त्यांनी कसब स्वतःजवळ ठेवलं नाही. आपल्याकडे कसब म्हणजे घराण्याची इस्टेट. गाण्याचं घराणं, वेदाचं घराणं, शिल्पाचं घराणं. गुरू अंगठा मागतो. तिथं एका प्राध्यापक बाईनं हत्यार दुसऱ्याच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला झाली. २००४ साली त्या निघून गेल्या, संस्था राहिली, चालली. ज्या कामातून कर्ता निघून गेल्यावर काम मरतं, त्याला आपण चळवळ म्हणत नाही. भिंतीलाही हीच कसोटी लावायला हवी.

४

इथपर्यंत कौतुक. आता भांडण.

लिलीबाईंच्या बोलण्यात, त्यांच्यावर लिहिणाऱ्यांच्या लिहिण्यात एक भाषा सारखी येते : जखम भरण्याची. तुटलेलं जोडायचं, दुखऱ्या जागी प्रकाश आणायचा. ऐकायला बरं वाटतं. पण जखम भरायची म्हणणारा माणूस जखम कुणी केली हे विचारतो का? मी रोज तुटलेले धागे सांधतो, म्हणून मला माहीत आहे : एकाच जागी धागा सारखा तुटत असेल तर नुसता सांधत बसणं हा मूर्खपणा. मशीन थांबवून बघावं लागतं की दोष कुठे आहे.

१३ मे १९८५. याच फिलाडेल्फिया शहरात पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून एका घरावर बाँब टाकला. घरात 'मूव्ह' नावाच्या काळ्या लोकांच्या गटाची माणसं होती. आग विझवायची नाही, जळू द्यायचं, असं ठरवलं गेलं. ११ माणसं मेली, त्यातली ५ लहान मुलं. ६१ घरं जळून गेली. ते शहराच्या पश्चिम भागात घडलं, लिलीबाईंची वस्ती उत्तरेला. पण शहर एकच, पोलीस तेच, आणि चामडीचा रंगही तोच. त्यानंतर एका वर्षानं ही बाग सुरू झाली. भिंतींचे जे फोटो मी पाहिले त्यांत मला झाडं दिसली, सूर्य दिसला, पक्षी दिसले, देवदूत दिसले. ती आग मला दिसली नाही.

याच्यासमोर दुसरी भिंत ठेवतो. १९६७ साली शिकागोच्या साउथ साइडला काळ्या कलावंतांनी एका पडक्या इमारतीवर 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' रंगवली. मान देणारी भिंत, मान मागणारी भिंत. तिच्यावर माल्कम एक्स, मुहम्मद अली, डुबॉईस, नीना सिमोन. आपली माणसं, आपल्या हातांनी, आपल्या गल्लीत. नगरपालिकेची परवानगी कुणी घेतली नाही. लोक तिथं जमायचे, भाषणं व्हायची, कविता वाचल्या जायच्या. १९७१ साली इमारतीला आग लागली आणि मग ती पाडून टाकली. चार वर्षांचं आयुष्य. पण तिच्यावरून अमेरिकेत गावोगाव काळ्यांच्या, मेक्सिकनांच्या भिंती उभ्या राहिल्या.

ती भिंत रंगाची होती, टिकली नाही. लिलीबाईंची टाइलची, टिकली. शिकागोच्या भिंतीनं शत्रू ओळखला होता, आणि स्वतःलाही. फिलाडेल्फियाच्या भिंतीनं शेजाऱ्याला ओळखलं, त्याला हाताला धरून आणलं, पण वरच्या माणसाचं नाव घेतलं नाही. मला दोन्ही भिंती हव्यात. शिकागोचं तोंड आणि फिलाडेल्फियाचे हात. नुसतं तोंड चार वर्षांत जळून जातं, नुसते हात दुसऱ्याची भिंत सजवत राहतात.

आपल्या पँथरनं १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आग आपण त्यांच्याकडून ओळखीनं घेतली. पण ब्लॅक पँथर सकाळी पोरांना फुकट नाश्ता द्यायचे, दवाखाने चालवायचे, रोज उठून करायचं काम करायचे, ते आपण किती घेतलं? हा प्रश्न भिंतीपुरता नाही, पण भिंतीपाशी आठवतो.

५

आता बीजिंग. माझ्या मते लिलीबाईंचं खरं मोठं काम इथं आहे, आणि खरी अडचणही इथंच आहे.

चीनमध्ये माणसाची नोंद गावाशी बांधलेली असते. 'हुकौ' म्हणतात त्याला. १९५८ चा कायदा. खेड्यातली नोंद असेल तर तुम्ही शहरात येऊन इमारती बांधा, भांडी घासा, कारखान्यात राबा, पण शहराचे तुम्ही नाही. आणि ही नोंद आईबापाकडून पोराला येते. जन्मावरून! हे वाचल्यावर कुठल्याही आंबेडकरवाद्याचे कान टवकारतील. पण घाई करू नका. हुकौ म्हणजे जात नव्हे. त्याच्यामागे धर्मग्रंथ नाही, स्पर्शाचा विटाळ नाही, कायदा बदलला तर ते बदलू शकतं, आणि थोडं थोडं बदललंही आहे. जातीसारखं ते मेंदूत मुरलेलं नाही. तरी एवढं खरं की जन्मानं चिकटलेल्या शिक्क्यामुळे त्या मजुरांची पोरं अनेक वर्षं शहराच्या सरकारी शाळांबाहेर राहिली.

अशा पोरांसाठी २००५ साली बीजिंगच्या दाशिंग भागात झेंग होंग या बाईंनी माध्यमिक शाळा काढली, 'डँडेलियन स्कूल'. डँडेलियन हे रानफूल. त्याचं बी रुईच्या म्हातारीसारखं वाऱ्यावर उडत जातं आणि पडेल तिथं रुजतं. मजुरांच्या पोरांना याहून खरं नाव मिळालं नसतं. शाळा भरली ती एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. गिरणी कामगारानं इथं थांबून श्वास घ्यावा. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून संपल्या, परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. बंद कारखान्यात कामगारांच्या पोरांची शाळा भरवता येते, ही साधी गोष्ट आपल्याकडे किती जणांना सुचली?

२००६ पासून काही वर्षं लिलीबाई त्या शाळेत जात राहिल्या. कारखान्याच्या करड्या भिंती, सिमेंटचं आवार. त्यांनी आधी टाइल आणल्या नाहीत, कागद आणले. पोरांना सांगितलं, लिहा, काढा. तुमचं गाव काढा, आजी काढा, प्रवास काढा. पोरांनी काढलेल्या चित्रांतून भिंतीची चित्रं निघाली. चीनच्या खेड्यांत बाया कात्रीनं लाल कागद कापून दारं-खिडक्या सजवतात, त्या वळणाचे आकार आले. मग पोरं, मास्तर, मदतीला आलेली माणसं, सगळ्यांनी मिळून टाइल फोडल्या, लावल्या. पोरांनी लिहिलेलं, काढलेलं आणि भिंतींचं सगळं काम यांचं पुस्तक २०११ साली निघालं.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळतं. पोरं ठरवतात की लावतात? इथं पोरांनी आधी सांगितलं, मग लावलं. निम्मं तरी ठरवलं. खेड्यातली आजी शहराच्या भिंतीवर चढली. ज्या शहराच्या दप्तरात त्या पोराचं नाव नाही, त्या शहराच्या भिंतीवर त्याच्या हातानं बसवलेला तुकडा आहे. हे लहान काम नाही. मी ते हलकं करणार नाही.

पण पुढचं ऐका. बीजिंगमधल्या मजुराच्या पोराला कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला सहसा नोंद असलेल्या प्रांतात परत जावं लागतं. म्हणून माध्यमिक शाळा संपली की मजुराच्या पोरापुढे दोन वाटा : आईबापाला सोडून, कधी नीट न पाहिलेल्या गावात शिकायला जायचं, नाहीतर शिक्षण सोडून बापाच्या कामाला लागायचं. भिंत शहरात राहते, ती करणारं पोर शहराबाहेर जातं. तुकडा चिकटला, पोर नाही चिकटलं.

आणि १८ नोव्हेंबर २०१७ ला ह्याच दाशिंग भागात मजुरांच्या दाटीवाटीच्या इमारतीला आग लागली. १९ माणसं मेली, त्यातली ८ मुलं. त्यानंतर सरकारनं काय करावं? सुरक्षेच्या नावाखाली मजुरांच्या वस्त्याच खाली करायला घेतल्या. बीजिंगच्या थंडीत हजारो माणसं सामान घेऊन रस्त्यावर. त्या माणसांसाठी एक शब्द तेव्हा सगळीकडे झाला, त्याचा अर्थ होतो 'खालच्या दर्जाची लोकसंख्या'. शब्द चिनी, पण आपल्याला त्याचं भाषांतर लागत नाही.

म्हणून मी म्हणतो, भिंत सुंदर झाली एवढ्यावर टीकाकारानं लेखणी खाली ठेवू नये. सुंदर भिंतीमुळे शाळेला देणगी मिळते, पाहुणे येतात, पोरांची मान वर होते. हे सगळं खरं. पण हुकौच्या कागदाला त्या भिंतीनं ओरखडाही काढला नाही, हेही तितकंच खरं. चीनमध्ये सरकारविरुद्ध भिंतीवर लिहिणं सोपं नाही, शाळाच बंद पडली असती, हे मला कळतं. लिलीबाईंवर मी ते खापर फोडत नाही. पण जिथं बोलता येतं तिथं, म्हणजे आपल्याकडे, गप्प बसून नुसती फुलं काढायला कुठलंच कारण नाही.

६

आपल्याकडे भिंती कमी नाहीत. १४ एप्रिल आला की वस्तीतला पेंटर रात्र जागून बाबासाहेब काढतो. निळा कोट, हातात संविधान, मागे उगवता सूर्य. विहाराच्या भिंतीवर बुद्ध. हा आपला चित्रकार कुठल्या कॉलेजात गेलेला नसतो. त्याच्यावर कुणी दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. आपणसुद्धा नाही. आधी त्याला मान द्या, मग परदेशी बाईंकडून शिका. पण त्या भिंतीपाशी पोरं काय करतात? बघतात. रंगाचा डबा धरतात. मला वाटतं त्यांनी ठरवावं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं दिवाळीच्या सुमाराला शाळा सोडून कोयत्यामागं निघतात. वीटभट्टीवरची पोरं तर मातीतच वाढतात. माती मळणं, थापणं, भाजणं त्यांना कुठल्याही कलाशाळेच्या पोराहून जास्त कळतं. त्यांच्या हातात माती आहे, नक्षी नाही. जी वीट ते थापतात तिची भिंत कुणाची होणार हे त्यांना माहीत नसतं. एका शाळेची एक भिंत अशा पोरांनी ठरवून करावी. त्यावर कोयता येऊ दे, बैलगाडी येऊ दे, रिकामा बाक येऊ दे, हजेरीपटावरचं 'गैरहजर' येऊ दे, शाळेत वेगळा ठेवलेला पेला येऊ दे. सावित्रीबाई येऊ देत, बाबासाहेब येऊ देत. आणि फूलही येऊ दे, पोरांना फूल हवं असेल तर. पोरांनी सतत आपला राग वाहून न्यावा असा आग्रह मी धरणार नाही. पण राग काढायचा असेल तर त्याला जागा ठेवा, त्यावर आपण मोठ्यांनी पांढरा रंग मारू नये.

काम करायचंच असेल तर कामगार म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक : आधी कागद, मग टाइल. पोरांची सभा घ्या. काय काढायचं ते त्यांनी ठरवू दे. हात वर करून मतं घेऊ दे, भांडू दे. मास्तरनं मध्ये पडू नये.

दोन : भिंतीच्या कोपऱ्यात नावं. सगळी. ज्यानं सिमेंट कालवलं त्याचं, ज्या गवंड्यानं थापी धरायला शिकवलं त्याचं, ज्या बिगारी बाईनं फट भरायला शिकवलं तिचं. देणगीदाराचं नाव सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक.

तीन : टाइल फोडताना गोणपाटात गुंडाळून वरून हातोडी मारा, तुकडे डोळ्यांत उडत नाहीत. डोळ्यांना चश्मा, नाकाला फडकं. टाइल घासायची, कापायची तर ओली करून, आणि ते काम मोठ्यांनी करायचं. ती धूळ छातीत बसते. गुजरातेत मोरबीला टाइलच्या आणि चिनी मातीच्या कारखान्यांतले कामगार सिलिकोसिसनं खोकून खोकून मरतात. आपल्या हातात येणारा प्रत्येक रंगीत तुकडा कुणाच्या तरी छातीतून आलाय, हेही पोरांना सांगा. तो धडा भिंतीपेक्षा मोठा आहे.

चार : दुसऱ्या वर्षी तीच पोरं दुसऱ्या वस्तीत शिकवायला गेली पाहिजेत. नाही गेली तर समजा की आपण भिंत केली, काम नाही केलं.

लिली येह यांच्याकडून मी एवढंच घेतो की हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि तो नीट धरेपर्यंत शेजारी थांबायचं. त्यांच्याकडे जे नाही, ते आपल्याकडे आहे. दोष कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे, त्याचं नाव आपल्याला पाठ आहे, आणि ते नाव घ्यायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलंय. ह्या दोन गोष्टी एका भिंतीवर आल्या तर ती भिंत कशी असेल हे मी सांगू शकत नाही. ते पोरं ठरवतील. आपण पोतंभर फुटक्या टाइल आणि सिमेंट घेऊन वेळेवर पोचायचं.

जय भीम.